वाळूची पट्टी

गाडा रुळांवरून धडधडत टाकीच्या टोकाशी जाऊन थांबला आणि खासनीस साहेबांनी चक्क टाळी वाजवली. आमच्या प्रयोगशाळेत टाळ्याबिळ्या वाजायच्या नाहीत. साहेब तर असे की बायकोचा वाढदिवससुद्धा तक्त्यात नोंदवून ठेवतील, तोंडाने बोलायचे नाहीत. पण त्या दिवशी गडी खुशीत होता.

"अकरा टक्के कमी," ते रेडीज शेटना म्हणाले. "आमच्या अंदाजापेक्षा तुमच्या लाँचला पाणी अकरा टक्के कमी अडवतंय. लहान इंजिनात काम होतंय तुमचं."

रेडीज शेट म्हणजे लाँच बांधणारे. गोरेपान, पोट सुटलेले, हातात सतत पानाचा डबा. त्यांनी डबा उघडून साहेबांपुढे धरला. मी गाड्यावर उभी होते, हातात नोंदीचा कागद. त्या कागदावरच्या शाईच्या रेघेकडे मला बघवेना. कारण ती रेघ खोटी होती, आणि हे साऱ्या शेडमध्ये मला एकटीलाच ठाऊक होतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

आधी सगळं नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कशाचं काय सांगतेय. साल एकोणऐंशी. घाटावर, समुद्रापासून शंभर मैल आत, आमची जहाजांची प्रयोगशाळा होती. तिचं नाव सांगत नाही, त्यातली काही माणसं अजून हयात आहेत. एक लांबच लांब शेड आणि शेडभर पाण्याची टाकी, रेल्वेच्या फलाटाएवढी. खरं जहाज बांधायच्या आधी त्याची आठ-नऊ फुटांची मेणाची प्रतिकृती करायची, ती टाकीत सोडायची, वरच्या गाड्याला अडकवून ओढायची आणि पाणी तिला किती अडवतं ते मोजायचं. त्या आकड्यावरून खऱ्या जहाजाला किती ताकदीचं इंजिन लागेल ते ठरायचं. मी सुगंधा तांडेल, वय तेवीस, डिप्लोमा झालेली, टाकीवरची पहिली मुलगी. रेघ ओढणाऱ्या काट्याचा कागद बदलायचा, तक्ता भरायचा, खुणा करायच्या, ही माझी कामं.

त्या दिवशीची प्रतिकृती होती वेळशीच्या खाडीतल्या नव्या लाँचची. वेळशी माझं गाव. माझी आई रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन खाडीच्या तोंडातून बाहेर पडून पलीकडच्या बंदरवाडीच्या बाजाराला जायची आणि दुपारी परत यायची. तेव्हा होड्या होत्या, वल्ह्यांच्या. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला पाणी असं सुटतं की माणसाच्या हातून वल्हं काढून घेतं, आणि तोंडाच्या डाव्या अंगाला खडप आहे, काळ्या खडकांची रांगच. मी आठवीत असताना एक होडी त्या खडपावर गेली. तिच्यात माझी मावशी होती. त्यानंतर आठ वर्षं अर्ज करकरून गावाला लाँच मंजूर झाली होती. तेव्हा त्या मेणाच्या बोटीकडे बघून मला काय वाटत असेल ते तुम्हीच समजा.

आता वाळूची गोष्ट. पाण्यातून काही चाललं की त्याच्या अंगाला चिकटून पाण्याचा एक पातळ थर ओढला जातो. पुस्तकात त्याला सीमास्तर म्हणतात. खरी बोट मोठी, वेगाने जाणारी, तिच्या अंगालगतचा हा थर नाकापासूनच खळबळत असतो, आणि तो खळबळला की बोटीला जास्त अडवतो. आमची प्रतिकृती लहान, सावकाश जाणारी. तिच्या नाकाशी तो थर गुमान झोपून राहतो, गुळगुळीत सरकतो, आणि काटा भलताच कमी आकडा दाखवतो. म्हणून प्रतिकृतीच्या नाकाजवळ, दोन्ही अंगांना, बोटभर रुंदीची वाळूची पट्टी चिकटवायची. चाळलेली बारीक वाळू, लाखेच्या रोगणात. ती पट्टी त्या पाण्याला जागं करते. पट्टी नसेल तर आकडा खोटा, आणि खोट्या आकड्यावर घेतलेलं इंजिन खऱ्या पाण्यात कमी पडणार.

आणि त्या सकाळी वेळशीच्या लाँचच्या नाकावर पट्टी नव्हती. मीच ती काढली होती.

पट्टी लावायचं काम शांबा मेस्त्रींचं. मेणाची प्रतिकृती कोरायची, तासायची, हाताने घासून गुळगुळीत करायची आणि शेवटी पट्टी लावायची, सगळं तेच करत. तीस वर्षं करत होते. मूळचे मालवणकडचे, सडपातळ, डोक्यावर काळी टोपी, बोटांना कायम मेणाचा वास. मी नवीन आले तेव्हा राहायला खोली त्यांनीच शोधून दिली, त्यांच्याच चाळीत. मला मासे मिळत नाहीत म्हणून दर रविवारी त्यांच्या बायकोने वाटी पाठवली. मी त्यांना काका म्हणायचे.

काकांना दिसेनासं झालं होतं. कोणाला सांगत नव्हते. वर्तमानपत्र मला वाचायला लावायचे आणि चष्मा घरी राहिला म्हणायचे. वर्षभर तो चष्मा घरीच राहत होता. मेण तासायला त्यांना डोळे लागतच नव्हते, तळहात फिरवला की केसाएवढा उंचवटा कळायचा. पण वाळूची पट्टी पांढऱ्यावर पांढरी, तिथे हात काय करणार? ती वाकडी जायला लागली. निवृत्तीला चार महिने उरले होते. साहेबांच्या ध्यानात आलं असतं तर डॉक्टरांपुढे उभं केलं असतं आणि तीस वर्षं तीक्ष्ण नजरेचा म्हणून मिरवलेला माणूस आंधळा म्हणून घरी गेला असता.

म्हणून मी एक उद्योग चालवला होता. काका घरी गेले की त्यांची वाकडी पट्टी खरवडून काढायची आणि नवी, सरळ लावायची. कोणाला सांगायचं नाही. त्यांना तर नाहीच. अशा दोन प्रतिकृती झाल्या होत्या. मला वाटायचं, आपण केवढं पुण्याचं काम करतोय.

ही तिसरी. आदल्या संध्याकाळी पाच वाजता मी पट्टी खरवडली आणि रोगणाची बाटली उघडली, तर आत रोगण वाळून दगड झालेलं. कोठीला कुलूप लागलेलं. म्हटलं, चाचणी अकराला आहे, आपण आठला येऊ, कोठीतून नवी बाटली घेऊ, नऊपर्यंत पट्टी सुकूनही जाईल. आणि निवांत घरी जाऊन झोपले. मूर्ख म्हणतात ते मलाच.

सकाळी बस बंद पडली. मी धापा टाकत शेडमध्ये शिरले तेव्हा पावणेदहा झाले होते, रेडीज शेट पहाटेच मोटारीने निघून येऊन बसले होते, साहेबांनी चाचणी अलीकडे घेतली होती आणि प्रतिकृती पाण्यात सोडून झाली होती. साहेबांनी माझ्या हातात तक्ता कोंबला. भरा लवकर, म्हणाले, पाहुणे थांबलेत.

तक्त्यावर ओळी होत्या. वजन, तोल, पाण्याचं तापमान, वाळूची पट्टी. प्रत्येकीपुढे खूण करायची. नियम असा की पट्टीला पाण्यात हात घालून बोट लावून बघायचं आणि मगच खूण करायची. खरं सांगते, मी नोकरीला लागल्यापासून एकदाही बोट लावलं नव्हतं. काकांच्या कामाला बोट लावून बघायचं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा, असं मला वाटायचं, आणि बाकीच्यांनाही वाटायचं. नियम कागदावर होता एवढंच.

काका टाकीच्या काठावर उभे होते, प्रतिकृती उतरवायचे पट्टे सोडवून झाल्यावर हात पुसत. माझ्याकडे तोंड होतं, पण दिसत होते की नव्हते देव जाणे. मी तोंड उघडलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, मेस्त्री, पट्टी का नाही? मी खूण केली. मनात म्हटलं, पहिल्या फेरीआधी काहीतरी निमित्त काढू. आणि गाडा सुटला.

टाकीत एक फेरी झाली की वीस मिनिटं थांबायचं. पाणी शांत व्हायला हवं, नाहीतर पुढची फेरी बिघडते. ती वीस मिनिटं म्हणजे शिक्षा होती. पाहुणे चहा पीत होते, साहेब चित्रं काढून दाखवत होते, आणि मी पाण्याकडे बघत बसले होते. पाणी शांत होत गेलं, मी नाही. दर वेळी मनाशी ठरवायचे, आता ही थांबण्याची वेळ संपायच्या आत सांगायचं. आणि दर वेळी साहेब हात वर करायचे, गाडा सुटायचा, काटा हलायचा आणि कमी आकडा उमटायचा.

तिसऱ्या आणि पाचव्या फेरीचा वेग एकच होता. आकडे मात्र वेगळे आले. हीसुद्धा त्याच आजाराची खूण. थर कधी झोपलेला, कधी अर्धवट जागा. साहेबांनी कागद डोळ्यांसमोर धरला, कपाळाला आठी घातली आणि मग म्हणाले, काटा जरा चिकटत असेल, तांडेल, तेल घाला. त्यांच्यासारखा माणूस एरवी तिथेच सगळं थांबवून शोधत बसला असता. पण माणसाला हवा तो आकडा मिळाला की त्याची शंका काटा चिकटण्यावर भागते. मी तेल घातलं.

एक वाजता सहावी फेरी संपली. रेडीज शेटनी सांगितलं की मुंबईच्या इंजिनवाल्याला चार वाजताचा ट्रंक कॉल लावून ठेवलाय. लहान इंजिन त्याच्याकडे तयार पडून होतं. चारला फोन करायचा, इंजिन पक्कं करायचं आणि सांगाडा तसाच पुढे बांधत न्यायचा. साहेब म्हणाले, आकडा मी सही करून देतो. आणि दोघं जेवायला वर गेले.

मला चारचा आकडा दिसायला लागला, भिंतीवरच्या घड्याळात. तीन तास. तीन तासांनी ते इंजिन ठरणार होतं, आणि मग माझी आई, पाटी मांडीशी धरून, त्या इंजिनाच्या भरवशावर खाडीच्या तोंडातून जाणार होती. एकदा नाही, रोज. मावशीचं प्रेत दोन दिवसांनी मिळालं होतं. मी ते बघितलं होतं.

मी मेणाच्या खोलीकडे गेले. साहेबांकडे जायच्या आधी काकांना सांगायला हवं होतं, कारण साहेबांना सांगायचं म्हणजे काकांचे डोळे सांगायचे. आणि काकांना सांगायचं म्हणजे, तुमच्या पाठीमागे मी तुमचं काम पुसत होते, हे सांगायचं. यातलं कोणतं जास्त वाईट ते मला ठरवता येत नव्हतं.

काका बाकावर बसून डबा खात होते. माझी चाहूल लागताच म्हणाले, "जेवलंस काय गो?"

मी नाही म्हटलं. मग उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. आज पट्टी नाही, मी काल काढली, रोगण वाळलं होतं, बस बंद पडली, तरी मी खूण केली. बोलताना रडू आलं आणि त्याचा मला राग आला. काकांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. घाटावर राहून त्यांची मालवणी अर्धीमुर्धी झाली होती, पण आतलं बोलायचं झालं की तीच यायची.

"माका ठावक आसा," ते म्हणाले.

मला वाटलं, ते आजचं म्हणतायत. म्हटलं, कसं कळलं?

"सकाळी पाण्यात सोडताना नाकाडाखाली हात घातलंय. वाळू नाय. गुळगुळीत." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि आधीचा पण ठावक आसा. दोन खेपेक तू माझी पट्टी काढून दुसरी लावलंस. डोळे गेले म्हणून बोटां नाय गेली. माझ्या हातची वाळू आणि तुझ्या हातची वाळू, माका कळाची नाय?"

मी खाली बसले, तिथेच, मेणाच्या चुऱ्यात.

"मग सकाळी बोलला का नाही, काका? तुम्ही नुसतं म्हणाला असता, पट्टी नाही, तर."

"कसा बोलू?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "पट्टी नाय म्हटलंय असतंय, तर तू काय करतंस ता माका ठावक आसा, असाच झाला मां? तुझा तोंड पडला असता. म्हटलंय, तू शिकलेला चेडू, आज लावलंस नाय तर त्येच्यात काय तरी असतला. साहेबान नवीन काय काढला असतला." ते डब्याचं झाकण चाचपडत होते. "मी खोटा बोलतंय. माका भीती वाटली. बोललंय असतंय तर माझे डोळे भायर पडले असते. म्हणान गप ऱ्हवलंय."

म्हणजे सकाळभर आम्ही दोघं त्या टाकीच्या काठावर मूग गिळून उभे होतो. मी त्यांचा मान राखत होते, ते माझा राखत होते, आणि दोघं मिळून एक लाँच खडपावर घालत होतो. मला हसूही येईना.

मी म्हटलं, काका, ही लाँच वेळशीची आहे, माझी आई तिच्यातून जाणार. ते म्हणाले, ठावक आसा गो, तुझ्या आवशीची लाँच. आणि उठले. टोपी नीट केली. डबा तसाच उघडा राहिला.

जिना चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आतापर्यंत कधी ठेवला नव्हता. लोक बघत होते आणि त्यांनी तो काढला नाही.

साहेब आणि रेडीज शेट नुकतेच जेवून बसले होते. टेबलावर अहवालाचा कागद टाइप होऊन आला होता, शेजारी साहेबांचं शाईचं पेन. मी दारातूनच सांगितलं की आजच्या प्रतिकृतीवर वाळूची पट्टी नव्हती. साहेबांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावरचा आनंद उतरत गेला तो मी बघितला. त्यांना सहा फेऱ्यांचे आकडे पाठ होते. तिसरी आणि पाचवी मनात जुळवायला त्यांना दोन क्षणही लागले नसतील.

"तक्त्यावर खूण कोणी केली?"

"मी केली."

"बोट लावून?"

"नाही, साहेब."

रेडीज शेट मध्ये पडले. म्हणाले, अहो, चिमूटभर वाळूने काय होतंय, पाणी ते पाणी, आणि माझा सांगाडा लहान इंजिनाच्या मापाने उभा राहिलाय. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते मेस्त्रींकडे बघत होते. पट्टी लावायचं काम मेस्त्रींचं, हे त्यांना माहीत होतं.

मी सांगायला लागले की चूक माझी आहे, पट्टी मी काढली. काकांनी खांद्यावरचा हात दाबला, तशी मी गप्प झाले.

"साहेब," ते शुद्ध मराठीत म्हणाले, अगदी अर्ज वाचून दाखवावा तसे, "मला दिसत नाही. वर्ष झालं. ही पोरगी माझं काम सांभाळून घेत होती. मी ते चालू दिलं."

रेडीज शेटनी पानाचा डबा बंद केला. खासनीस साहेब रागीट माणूस, एरवी आम्ही त्यांच्या खोलीत जायचं तर आधी पदर-टोपी सारखी करायचो. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि घड्याळ बघितलं.

"पावणेदोन," ते म्हणाले. "फोन चारला आहे. मेस्त्री, प्रतिकृती बाहेर काढा. तांडेल, कोठीतून रोगण आणा. बाकीचं आपण नंतर बोलू."

त्या पुढच्या दोन तासांत मी जेवढी धावले तेवढी आयुष्यात धावले नसेन. प्रतिकृती पट्ट्यांनी उचलून काढली, फडक्यांनी कोरडी केली, बाकावर ठेवली. आणि मग सगळे थांबले. पट्टी कोण लावणार? साहेब बघत होते, शेट बघत होते, वर्कशॉपमधले चौघे काम सोडून येऊन उभे होते.

काकांनी नाकापासून वितीने अंतर मोजलं, दोन वेळा. मग दोन्ही हातांच्या तर्जन्या मेणावर टेकवल्या, एक इकडे, एक तिकडे, मध्ये बोटभर जागा. मला म्हणाले, माझ्या बोटांच्या मध्ये भर. मी कुंचल्याने रोगण भरत गेले, ते बोटं खाली सरकवत गेले. मग मी वाळू भुरभुरली. एक बाजू झाली, दुसरी झाली.

सुकायला एक तास. तो कसा गेला ते विचारू नका. रेडीज शेट येरझाऱ्या घालत होते आणि दर दहा मिनिटांनी ट्रंक कॉल चुकला तर पुन्हा दोन दिवस मिळत नाही म्हणून सांगत होते. सव्वातीनला काकांनी प्रतिकृती पाण्यात सोडली. मी तक्ता घेतला. नवा, कोरा. वजन, तोल, तापमान. पट्टीच्या ओळीवर आले आणि सवयीने पेन टेकवणार, तेवढ्यात काका म्हणाले,

"लाव बोट."

मी त्यांच्याकडे बघितलं. सगळे ऐकत होते.

"मी लावलंय म्हणान सोडू नको. लाव."

मी काठावर ओणवी झाले, बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. थंडगार पाणी. नाकाखालून बोट फिरवलं. मेण गुळगुळीत, मग एकदम खरखरीत, मग पुन्हा गुळगुळीत. दुसऱ्या अंगालाही तसंच. मी ओल्या हातानेच खूण केली, शाई पसरली.

फेरी एकच घेतली, दोन घ्यायला वेळ नव्हता. गाडा सुटला, काटा वर चढला आणि वरच राहिला. साहेबांनी आकडा बघितला, पट्टीने मोजला, पुन्हा मोजला. अकरा टक्क्यांतला अर्धा टक्काही उरला नव्हता. लाँचला मोठंच इंजिन लागणार होतं. चारला तीन मिनिटं असताना साहेब रेडीज शेटबरोबर फोनाच्या खोलीत गेले आणि फोन होईपर्यंत त्यांच्याशेजारी उभे राहिले. सांगाडा बदलावा लागेल म्हणून शेट किती वेळ कुरकुरत होते, पण इंजिन मोठं सांगितलं.

बाकीचं नंतर बोलू म्हणाले होते, ते साहेब बोलले. मला लेखी ताकीद मिळाली आणि दोन वर्षं एकटीने चाचणी घ्यायची बंदी. काकांना डॉक्टरांपुढे जावं लागलं, ते टळलं नाही. महिन्याभरात त्यांनी चाळीतलं घर आवरलं आणि ते गावी निघाले. एसटीच्या खिडकीतून त्यांनी माझा हात धरला आणि वर्कशॉपमधली नवीन माणसं किती बेफिकीर आहेत याबद्दल बोलत राहिले, गाडी सुटेपर्यंत. सहा महिन्यांनी पत्र आलं, त्यांच्या स्वतःच्या हातचं, मोठ्या मोठ्या अक्षरांत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आता दिसतं. खाली एकच ओळ होती: त्या दिवशीची पट्टी वाकडी होती काय, खरं सांग. मी लिहिलं, डाव्या अंगाची थोडी होती.

लाँच सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षी मी गावी गेले. आई म्हणाली, चल बाजाराला, बघ तरी आमची लाँच. परतताना ओहोटी लागली होती. माणसांनी, पाट्यांनी, भाजीच्या गोण्यांनी लाँच भरलेली. तोंडाशी आलो आणि पाण्याने तिला धरलं. मी लाँचच्या काठीवरच्या झेंड्याकडे बघत होते आणि मागच्या खडपाकडे. इंजिन पूर्ण ताकदीने ओरडत होतं आणि लाँच जागच्या जागी उभी होती. किनाऱ्यावरचा एक माड मी नजरेत धरला होता. तो हलत नव्हता. मी आकडे मोजायला लागले, एक, दोन, तीन. चाळीसपर्यंत मोजले तरी माड तिथेच. बाकीची माणसं गप्पा मारत होती. मग माड अगदी हळू, बोटभर, मागे सरकला. मग आणखी बोटभर. आणि लाँच तोंडातून आत शिरली.

आईने पाटी मांडीवर सारखी केली आणि कानांवरून पदर काढला.

"रोज असंच करते," ती म्हणाली. "आणि आवाज तरी केवढा मेलीचा, कान किटतात. गावच्या लाँचला एवढं मोठं इंजिन कशाला बसवलंय, कुणास ठाऊक."

मी म्हटलं, "कुणाला तरी भीती वाटली असेल."

आईने खडपाकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पाटीत उरलेल्या बांगड्यांवर ओलं फडकं टाकलं.